वीरबालांचा मान

आपल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. शालान्त परीक्षेत अमुक गुण, पदवी परीक्षेत अमुक श्रेणी, वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी शाखेत प्रवेश, अशा नोंदींनी स्मरणिकेची पाने भरतात आणि ती भरावीत यातच समाजाची शोभा आहे. परंतु ज्या मुलीने शाळेच्या वीरबाला पथकात कित्येक वर्षे खपून राज्य पुरस्कार अथवा राष्ट्रपती पुरस्कार संपादन केला, तिचे नाव लिहावयास आपल्या यादीत रकानाच नाही. असा रकाना असावा हे पटवून देण्यासाठी प्रस्तुत लेखात या चळवळीचा इतिहास मांडावयाचे योजिले आहे. तो पाहू गेल्यास आपल्या यवतमाळ जिल्ह्याशी त्याचे नाते वरवर वाटते त्याहून पुष्कळच जवळचे आहे, असे आढळून येईल.

स्काऊटला आपल्याकडे बालवीर म्हणतात आणि गाईडला वीरबाला. बालवीर चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांच्या मनात प्रथम मुलींचा विचार नव्हता. 4 सप्टेंबर 1909 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा कोणीही न बोलाविता काही मुली बालवीरांसारख्या टोप्या घालून तेथे हजर झाल्या आणि आम्हांसही यात घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. त्यापूर्वीच काही मुलींनी पूर्ण नाव न लिहिता केवळ आद्याक्षरे देऊन बालवीरांच्या पटावर आपली नोंद करून घेतली होती! या हट्टापुढे नमते घेणे भाग पडले आणि 1910 मध्ये मुलींची स्वतंत्र संघटना निघाली. तिची धुरा बेडन पॉवेल यांची भगिनी ॲग्नेस हिने उचलली. 'गाईड' हे नाव हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील 'कोअर ऑफ गाईड्स' या सैन्यपथकावरून घेण्यात आले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मुलींनी जे मागून घेतले त्याचे नाव आपल्याच देशाच्या सीमेवरून गेले होते.

नावापाठोपाठ चळवळही लवकरच इकडे आली. हिंदुस्थानातील गाईडचे पहिले पथक 1911 साली जबलपूर येथे निघाले. जबलपूर आज मध्य प्रदेशात असल्यामुळे ते आपणांस दूरचे वाटते. पण त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडलेला होता. आपला जिल्हा, जो पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, त्यास 1905 मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद तालुका त्यात आला. ही जोडणी होऊन सुमारे सहा वर्षे झाली होती, तोच आपल्याच प्रांतातील एका शहरात या देशातील मुलींचे पहिले पथक उभे राहिले. अर्थात त्याचा अभिमान जपूनच बाळगला पाहिजे. कारण आरंभीच्या त्या पथकांत प्रवेश होता तो केवळ इंग्रज कुळातील मुलींस. हिंदी मुलींना हे दार उघडले ते 1916 पासून. 1928 मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा मात्र तिच्या संस्थापक सदस्य देशांत हिंदुस्थानचे नाव होते. ज्या देशातील मुलींना बारा वर्षांपूर्वी पथकाबाहेर उभे राहावे लागत होते, तो देश आता पहिल्या पंक्तीस बसला.

दार उघडले तरी आत जावे की नाही, हा प्रश्न आपल्या इकडील घरांपुढे होताच. प्रतिज्ञेत राजनिष्ठेचा शब्द होता आणि ॲग्नेस यांनी 1912 मध्ये मुलींसाठी जे पहिले मार्गदर्शक पुस्तक सिद्ध केले, त्याच्या नावातच साम्राज्य उभारण्यास मुलींनी हातभार कसा लावावा, हा विषय होता. ज्या जिल्ह्याने लोकनायक बापूजी अणे यांना पुढारी मानले आणि ज्या पुसदच्या परिसरात 1930 च्या जुलैमध्ये जंगल सत्याग्रह झाला, तेथील स्वाभिमानी पित्याने आपल्या कन्येस राजनिष्ठेची शपथ घेऊ द्यावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. हा आक्षेप न्याय्य होता. परंतु त्याच्या आड दुसरा एक आक्षेप लपून बसे व तो कधी उघड बोलला जात नसे. मोठी होत चाललेली मुलगी घराबाहेर तंबूत रात्री काढणार, लाकडे फोडणार, शिट्टी वाजविणार, ही कल्पनाच अनेकांस रुचत नव्हती. पहिला आक्षेप स्वातंत्र्याबरोबर नाहीसा झाला. दुसरा अद्यापही पुरता गेलेला नाही.

पहिल्या आक्षेपाचे निराकरण करण्यासाठी देशातील थोर मंडळींनी पुष्कळ परिश्रम घेतले. डॉ. ॲनी बेझंट यांनी 1917 मध्ये मद्रासेस हिंदी बालवीरांची स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी 1918 मध्ये सेवा समितीची बालवीर संघटना उभारली. 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. स्वातंत्र्यानंतर या सर्व प्रवाहांना एकत्र आणण्याचा प्रश्न आला. त्या कामी पंडित नेहरू व मौलाना आझाद यांच्या बरोबरीने ज्यांनी खटपट केली, त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाडचे तत्कालीन राज्यपाल मंगलदास पक्वासा आणि नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे दोघे होते. आपल्या जुन्या प्रांताचा हा दुसरा वाटा. 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली. मुलींची संघटना मात्र त्या दिवशी तीत आली नाही. ती नऊ महिन्यांनी, 15 ऑगस्ट 1951 रोजी सामील झाली. इंग्लंडात मुली व मुलगे यांच्या संघटना वेगवेगळ्या राहिल्या. आपल्या देशाने दोघांस एका छत्राखाली आणले. त्या छत्राखाली मुलींचे स्थान दुय्यम तर राहणार नाही ना, ही शंका कोणासही आली असती. तिचे उत्तर काळाने कसे दिले, ते पुढे येईलच.

आता या पथकांत नेमके काय चालते, ते पाहणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळ पालकांची समजूत अशी की निळा गणवेश, गळपट्टा, प्रजासत्ताक दिनाचे संचलन आणि पाहुण्यांना सलामी, एवढ्यातच सारे संपते. वस्तुतः या शिक्षणाचा प्राण आहे तो सहा ते आठ मुलींच्या लहानशा संघात. प्रत्येक संघास आपली नायिका असते. ती वर्गातील पहिल्या क्रमांकाची असेलच असे नाही. किंबहुना बहुधा नसतेच. कोणती मुलगी शिबिरात सर्वांच्या आधी उठून चूल पेटविते, कोणती रडणाऱ्या लहानगीस जवळ घेते आणि कोणती आपली चूक दुसरीवर ढकलीत नाही, हे त्या सहा-सात जणींना शिक्षिकेपेक्षा अधिक नीट कळते. सर्व संघनायिका मिळून एक मानसभा होते. पथकाने कोठे जावयाचे, वर्गणीच्या पैशांचा विनियोग कसा करावयाचा, एखादीने नियम मोडला तर काय करावयाचे, याचा विचार ही सभा करते. पथकाची कॅप्टन, म्हणजे बहुधा शाळेतीलच एखादी शिक्षिका, सल्ला देते. निर्णय मात्र मुलींनी घ्यावयाचा असतो. आपल्या घरांतून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीस कोणत्या गोष्टीचा निर्णय विचारला जातो, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करून पाहावा. फार तर भाजी कोणती करावी एवढाच!

परीक्षाही निराळ्याच असतात. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे. गाठी मारणे, जखमेवर पट्टी बांधणे, होकायंत्र व नकाशा यांच्या साह्याने वाट काढणे, झाडाची उंची अगर नदीचे पात्र अंदाजाने मोजणे, उघड्यावर स्वयंपाक करणे, गावात सेवेचे काम करणे, हे सर्व प्रत्यक्ष करून दाखवावे लागते; पाठ करून भागत नाही. शिवाय येथे पहिली-दुसरी असा क्रम नाही. जी कसोटीस उतरली तिला मान मिळाला. तिच्यामुळे दुसरीचा मान हिरावला गेला नाही. उलट संघातील मागे पडलेल्या मुलीस हात देऊन वर आणणे हेच नायिकेच्या योग्यतेचे गमक समजतात. गुणवत्ता यादीची सवय झालेल्या आपल्या समाजास हा हिशेब थोडा चमत्कारिक वाटेल. प्रौढ कार्यकर्त्यांसाठीही मानचिन्हे आहेत व त्यांत सिल्व्हर एलिफंट, म्हणजे चांदीचा हत्ती, हे देशातील या संस्थेचे सर्वश्रेष्ठ मानले जाते. परंतु माझ्या मते खेड्यातील शाळेत पावसापाण्यात पथक टिकवून धरणाऱ्या शिक्षिकेचा मान त्याहून वेगळ्या तऱ्हेने, आपल्यासारख्या समाजसंस्थांनीच करावयास हवा. राजधानीच्या व्यासपीठापर्यंत तिची वार्ता सहसा पोहोचत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. गाईडच्या नियमांत एक असा आहे की ती सर्वांची मैत्रीण आणि प्रत्येक गाईडची बहीण असते. आणि मूळ नियमाने सामाजिक वर्गाचा भेद त्यात स्पष्टपणे वगळला होता. शिबिरात एका चुलीवर शिजते आणि एका पंक्तीत वाढले जाते. आज भाकरी थापणारी कोणाची कोण, हे तेथे विचारीत नाहीत. मग एका ज्ञातीच्या संस्थेने अशा चळवळीची भलावण करावी, यात विसंगती नाही काय? मला ती वाटते, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. आपल्या संस्था निघाल्या त्या वसतिगृहे, शिष्यवृत्त्या व विवाहजुळणी यांच्या निकडीतून. त्यांनी मुलांना शाळेच्या दारापर्यंत नेले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या दारापलीकडे मुलगी कोणाशेजारी बसते हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे आपणांस प्राप्त होत नाही. जिने पंक्तीतील हा भेद ओलांडून नेतृत्व मिळविले, तिचा सत्कार ज्ञातीच्या व्यासपीठावर व्हावा, यात ज्ञातीचीही थोडी परीक्षाच आहे.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. जबलपूर आणि पचमढी सीमेपलीकडे राहिली. जुन्या प्रांताच्या सरकारचे हे उन्हाळ्याचे ठाणे. तेथेच पुढे स्काऊट-गाईडांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र नांदले. यवतमाळचे तोंड आता पश्चिमेकडे, पुण्याकडे वळले; आणि योगायोग असा की त्याच पुण्यात 16 ऑक्टोबर 1966 रोजी गाईडांच्या जागतिक केंद्राचे उद्घाटन झाले. ॲडलबोडन, लंडन व मेक्सिको येथील केंद्रांच्या मालिकेतील हे चौथे, आणि आशिया खंडातील पहिले. मुळा-मुठेच्या त्या शहरात त्याचे नाव ठेवले 'संगम'. उद्घाटनासाठी जागतिक चीफ गाईड लेडी ओलेव्ह बेडन पॉवेल स्वतः आल्या होत्या.

हे केंद्र भारतात यावे यासाठी झटणाऱ्यांत श्रीमती लक्ष्मी मझुमदार अग्रभागी होत्या. 1964 पासून 1983 पर्यंत त्या भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या राष्ट्रीय आयुक्त राहिल्या, म्हणजे केवळ मुलींच्या नव्हे तर मुलग्यांच्याही. 1951 मध्ये ज्या शंकेस जागा होती तिचे हे उत्तर. 1965 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 1969 मध्ये जागतिक स्काऊट समितीने आपला एकमेव सन्मान, ब्राँझ वुल्फ, त्यांना अर्पण केला. 1935 मध्ये हा सन्मान प्रथम स्वीकारणारे होते खुद्द बेडन पॉवेल. क्रिस्टल पॅलेसला बोलावणे नसता आलेल्या त्या मुलींपैकी कोणी तो दिवस पाहावयास हयात असेल, तर तिला किती मौज वाटली असेल!

तेव्हा कार्यकारी मंडळास विनंती एवढीच की, पुढील वर्षी गुणवंतांकडून जे अर्ज मागविले जातील, त्यांत सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार यांसाठी एक ओळ राखावी आणि पथक चालविणाऱ्या शिक्षिकांची नावे शाखाशाखांतून मागवावीत. वणी, पुसद, दारव्हा, केळापूर येथील बंधुभगिनींनी आपापल्या शाळांतून चौकशी करावी. पथक कागदोपत्री आहे की मैदानावर, हेही त्यातून कळेल. आणि पालकांचे काम त्याहूनही लहान आहे. शिबिरापूर्वी शाळेतून संमतिपत्र घरी येते. पुष्कळ ठिकाणी ते मुलीच्या दप्तरातच राहते; कारण 'नाही' हे उत्तर तिला आधीच ठाऊक असते. ते तिच्याकडून मागून घ्यावे आणि सही करून परत द्यावे.