हलकी गाडी, जड गाडी

पवनी गावात रेल्वे आली नाही. नागपूर-नागभीड या अरुंदमापी मार्गावर भिवापूरच्या पुढे ‘पवनी रोड’ नावाचे स्टेशन होते. रेल्वेच्या रिवाजात नावापुढे ‘रोड’ आले की गाव तिथून लांब आहे, असे समजावे. मार्ग रुंद करण्यासाठी ती छोटी गाडी २०१९ मध्ये थांबली. पण त्याआधी अनेक दशके स्टेशनावर उतरलेल्या माणसापुढे एकच प्रश्न असे: आता पुढे कशाने जायचे?

आज तोच प्रश्न पवनीहून भंडाऱ्याला रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाला पडतो. एका बाजूचे अंतर सुमारे ४५ कि.मी. आहे. कार घ्यायचे ठरले की घरात दोन पक्ष पडतात. एकाला हवी असते परवडणारी, सामान मावणारी, न रुसणारी गाडी. दुसऱ्याला चालवताना मजा येईल अशी. हे पक्ष एकमेकांच्या विरोधी आहेत, असे आपण धरून चालतो. गाड्यांचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. दोघांच्या मागण्या पुष्कळदा एकाच गोष्टीशी येऊन थांबतात: गाडीचे वजन कमी हवे. मात्र या कमी वजनाची एक किंमत आहे आणि ती बरीच उशिरा लक्षात आली.

सुरुवात बैलगाडीपासून करू. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची पोती वाहायला बंडी असे आणि माणसांनी पाहुणे म्हणून जायला, लग्नाला, बाजाराला दमणी किंवा रेंगी. बंडीचा साटा मोठा, चाके जाड, त्यांवर लोखंडी धाव. रेंगी अंगाने लहान आणि हलकी. रस्त्याचा विरोध हा साधारणपणे चाकांवर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात असतो. मऊ, धुळीच्या वाटेवर तो पक्क्या रस्त्याच्या कितीतरी पट होतो. बैलाची ताकद तर ठरलेली, आणि बैलाला गिअर नसतात. म्हणजे वेग हवा असेल तर भार कमी करणे एवढाच उपाय उरतो. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात चपळ चालीसाठी नावाजलेली आहे. हलकी गाडी आणि दुडक्या चालीचा बैल ही जोडी म्हणजे त्या काळची हौसेची, तरीही रोजच्या उपयोगाची गाडी.

हौस आणखी पुढे नेली की शंकरपट होतो. तिथल्या गाडीत उपयोगाचे काही उरतच नाही. धुरकऱ्याला कसेबसे टेकता येईल एवढाच सांगाडा. (सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला.) ही हौस जुनी असावी. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाचा एक छोटा रथ सापडला. लांबी सुमारे ४५ सें.मी., पुढे बैलांची जोडी, मागे उभा असलेला हाकणारा. तो उत्तर हडप्पा काळातला मानला जातो. धान्य वाहायची ती गाडी नव्हे, हे पाहताक्षणी कळते.

मोटारगाडीच्या बाबतीत हीच गोष्ट युरोपात जाणूनबुजून मांडली गेली. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९३० च्या दशकात आपल्या अभियंत्यांपुढे मागणी ठेवली: दोन शेतकरी, पन्नास किलो बटाटे, ताशी ६० कि.मी. वेग, आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतले अंडे फुटता कामा नये. त्यातून १९४८ मध्ये लोकांपुढे आलेली ‘टू सीव्ही’ जेमतेम पाचशे किलोंची होती. इंग्लंडमध्ये १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोल दुर्मिळ झाले आणि अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये ‘मिनी’ दिली. त्यांनी इंजिन आडवे बसवले, पुढच्या चाकांना गती दिली आणि तीन मीटरच्या गाडीत चार माणसे बसवली. काटकसरीसाठी केलेली ही गाडी १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लोची रॅली जिंकली. वजन कमी असले की स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी चटकन वळते, ब्रेक लावला की चटकन थांबते. हाताच्या हालचालीला गाडीने ताबडतोब दिलेले उत्तर, यालाच आपण मजा म्हणतो. तिचा वेगाशी संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे.

आपल्याकडे त्या वेळी निवड अशी नव्हतीच. अकराशे किलोंहून जड अ‍ॅम्बॅसॅडर पश्चिम बंगालमध्ये होत असे, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० ‘डिलाइट’ येऊ लागली. हीच १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबणाऱ्याला ‘कोणती आवडते’ असे कोण विचारणार? तरीही, स्वतः गाडी चालवणाऱ्या डॉक्टर-वकिलांचा ओढा फियाटकडे असे, तो तिच्या आटोपशीर अंगामुळे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतः घडवली, सुधारली. तिचे मोठे उत्पादन मात्र कधी झाले नाही. आमच्या मते भारतीय मोटारींच्या इतिहासात या प्रयत्नाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. वर्गात करून पाहण्याजोगे एक गणित इथे आहे. पद्मिनीचे इंजिन १०८९ घ.सें.मी., शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आसपास. मारुतीचे इंजिन ७९६ घ.सें.मी., शक्ती सुमारे ३९, वजन साडेसहाशे. म्हणजे एका टनामागे पद्मिनीला ४४ अश्वशक्ती आणि मारुतीला ६०. शक्ती जवळजवळ तीच, पण मारुती पळते आणि पेट्रोलही कमी पिते. आडवे इंजिन व पुढच्या चाकांना गती, ही मिनीचीच रचना तिच्यात होती. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ आहेच. (कशाची सरासरी, हे कोणी विचारत नाही.) गावागावांत गतिरोधक, वाटेत गुरे, सायकली, अशा रस्त्यावर गाडी सारखी थांबते आणि पुन्हा निघते. प्रत्येक वेळी वस्तुमानाच्या प्रमाणात ऊर्जा द्यावी लागते आणि ब्रेक लावला की ती उष्णता होऊन वाया जाते. मोकळ्या महामार्गावर, ऐंशीच्या पुढे, हवेचा विरोध वरचढ ठरतो आणि वजनाचे महत्त्व घटते. पवनीच्या रस्त्याला पहिला हिशेब अधिक लागू आहे.

आता किंमत. साडेसहाशे किलोंची गाडी आणि तेरा टनांचा ट्रक ताशी ५० कि.मी. वेगाने समोरासमोर आदळून एकत्र अडकले, असे समजा. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोन्ही ट्रकच्या दिशेने ताशी सुमारे ४५ कि.मी. वेगाने सरकतील. ट्रकच्या वेगात फरक पडला ५ चा, गाडीच्या वेगात ९५ चा. आणि तोही निमिषार्धात. शरीराला इजा होते ती या बदलाने. रेंगी उलटली तर खरचटे, कधी हाड मोडे. हा नवा हिशेब वेगळाच होता, आणि तो आपल्याकडे मांडायला ३० वर्षे लागली.

जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. टाटा नॅनो आणि मारुती अल्टो ८०० त्यांत होत्या. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. मारुती ८०० चे उत्पादन त्याच महिन्यात थांबले. पण त्या पाचांतली एक गाडी पाहण्यासारखी आहे: पुण्याजवळ चाकणला तेव्हा बनणारी पोलो. तिचा सांगाडा धडकेनंतर टिकून राहिला होता. शून्य मिळाला तो एअरबॅग नसल्यामुळे, आणि एअरबॅग लावलेल्या पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे सुरक्षितता नुसत्या वजनात नसते. पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरडला जावा आणि माणसांची कोठी शाबूत राहावी, अशी रचना लागते; मात्र त्या रचनेला पोलाद लागते, आणि पोलादाला वजन असते. डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी टाटा नेक्सॉन. ती रांजणगावला बनते आणि तिचे वजन बाराशे किलोंच्या घरात आहे. जड म्हणून नावे ठेवलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या वजनाला आपण फिरून पोहोचलो!

विजेच्या गाडीत बॅटरीचे वजन आणखी वाढते. २०२२ ची टियागो ईव्ही पेट्रोलच्या टियागोहून शंभर किलोंहून अधिक जड आहे. पण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती काही प्रमाणात परत साठवते, त्यामुळे थांबत-निघत जाणाऱ्या रस्त्यावर वजनाचा तोटा बराचसा भरून निघतो. रोजच्या नव्वद किलोमीटरांना तिचा विचार जरूर व्हावा, रात्री घरी चार्जिंगची सोय असेल तर.

पेट्रोलची घ्यायची तर आम्ही दोन एअरबॅगांवर समाधान मानणार नाही, आदळचाचणीचा निकाल आधी पाहू आणि त्यात उतरलेल्या गाड्यांतली सर्वांत हलकी निवडू. आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. विक्रेता चाचणी-फेरी देतो ती रिकाम्या गाडीची. चार माणसे म्हणजे अडीचशे किलो. आठशे किलोंच्या गाडीत ही जवळजवळ एक तृतीयांशाची भर, बाराशेच्या गाडीत एक पंचमांशाची. हलकी गाडी माणसे बसल्यावर अधिक बदलते: चढावर दमते, गतिरोधकाला पोट घासते, ब्रेकला लांब जाते. म्हणून फेरीला घरची सगळी माणसे घेऊन जावे, आणि विक्रेता ऐकत असेल तर मागे धानाचे एक पोतेही टाकावे.