चिक्की, पाव आणि विमानाचं इंजिन

आमच्या जालना एमआयडीसीत उष्णता म्हणजे लोखंडाची भट्टी. भंगार आत, सळई बाहेर, आणि मधे दीड हजार अंशांच्या वर. अशा गावच्या माणसाला 'उष्णता सोसणारं प्लास्टिक' म्हटलं की हसूच येतं (मलाही आलं होतं). पण मंडळी, जालन्याहून मुंबईला जाताना वाटेत नाशिक लागतं. तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. त्याला एफ-४०४ जातीचं इंजिन असतं. १९८० च्या दशकात याच जातीच्या अमेरिकी इंजिनाचं बाहेरचं टायटॅनियमचं आवरण काढून तिथे कार्बनचे तंतू आणि रेझिन वापरलं गेलं!

त्या रेझिनचं नाव पीएमआर-१५. नासाच्या क्लीव्हलंडमधल्या केंद्रात ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलं. नेहमीचं इपॉक्सी दोनशे अंशांच्या आतच मान टाकतं. हे २८८ अंशांवर हजारो तास टिकतं. पॉलिइमाइड उष्णतेला चिवट असतात हे आधीपासून माहीत होतं. अडचण अशी की एकदा बनले की ना धड वितळत, ना विरघळत. मग तंतूंमधे मुरवणार कसे? चिक्कीचा पाक पातळ असतानाच शेंगदाणे घालतात ना, तसं. घटक मेथॅनॉलमधे विरघळवायचे, त्यात तंतू भिजवायचे आणि तापवून पॉलिमर जागच्या जागी घडवायचा. शेवटची जोडणी वायू न सोडता होते, म्हणून आत बुडबुडे राहत नाहीत. मला तर हे जाम आवडलं.

पण त्या घटकांपैकी एक एमडीए. १९६५ साली इंग्लंडात एपिंग गावी तो चुकून पिठात सांडला आणि त्या पिठाचा पाव खाऊन ८४ जणांना कावीळ झाली. म्हणजे तो यकृताला बाधतो हे रेझिन बनायच्या आधीच ठाऊक होतं. तरी अमेरिकेत कामगारांसाठी हवेतल्या एमडीएची मर्यादा (अब्जात १० भाग) कायद्याने आली ती १९९२ साली. मधली वीसेक वर्षं ओलं कापड हाताने थरावर थर रचणाऱ्यांनी काय श्वासात घेतलं असेल?

एमडीएशिवायची रेझिनं नंतर नासानेच बनवली. पण विमानात एकदा पास झालेला भाग बदलायचा तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. आपण नाही का, चालू असलेल्या जुन्या कोडला हात लावायला घाबरत!