वक्तृत्वविद्येचा वनवास

राजघराण्यांप्रमाणे विद्यांनाही उदयास्त असतात. युरोपात शतकानुशतके शिक्षणाच्या शिखरावर बसलेली एक विद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पदच्युत झाली आणि साठ-पासष्ट वर्षांनी, निराळ्या नावाने व निराळ्या दाराने, पॅरिसच्या अध्यापनात परतली. ही विद्या म्हणजे वक्तृत्वविद्या. परतताना तिने बरोबर काय आणले आणि वाटेत काय टाकले, हे पाहण्यासारखे आहे.

तिचा जन्म पाठशाळेत झाला नाही. परंपरा असे सांगते की, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीत जुलमी सत्ताधीशांचा पाडाव झाला. त्यांनी हिरावलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठी लोकांनी दावे लावले. आणि पंचांसमोर बाजू कशी मांडावी हे कोरॅक्स व टिसियस शिकवू लागले. म्हणजे कवींच्या मैफलीत नव्हे, तर जमिनीच्या भांडणात ही विद्या जन्मली! ॲरिस्टॉटलने तिला शास्त्राची बैठक दिली. भाषणाचे त्याने तीन प्रकार मानले: न्यायसभेतले, राज्यसभेतले आणि स्तुतिनिंदेचे. पहिल्याचा विषय घडून गेलेली गोष्ट, दुसऱ्याचा पुढे करावयाची, तिसऱ्याचा मुख्यतः समोर असलेली. प्रकार ठरतो तो ऐकणारा कोण आणि त्याने काय ठरवायचे आहे यावरून. प्रकारविचाराला इतका जिवंत पाया पुढे क्वचितच लाभला.

रोमनांनी या विद्येची पाच अंगे पक्की केली: मुद्दे शोधणे, त्यांची मांडणी, भाषेची घडण, स्मरण आणि प्रत्यक्ष उच्चार-हावभाव. (नभोवाणीवरच्या वक्त्याला शेवटच्या अंगातला निम्मा भाग माफ असतो, आणि कागद समोर असल्याने चौथे अंगही.) सम्राट व्हेस्पेशियनने या विद्येच्या अध्यापकांना राजकोशातून वर्षाला एक लाख सेस्टर्स वेतन बांधून दिले. क्विंतिलियन हा अशा वेतनधारकांतला अग्रणी. त्याने आपल्या बारा भागांच्या ग्रंथात बालपणापासून उत्तम वक्ता कसा घडवावा हे सांगितले आहे. त्याच्या दृष्टीने भाषण शिकणे आणि माणूस होणे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

मध्ययुगीन विद्यापीठांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशी त्रयी होती; पॅरिसमध्ये त्यांतला तर्क वरचढ ठरला. खरा घाव मात्र सोळाव्या शतकातला आहे, आणि तो घालणारा स्वतः वक्तृत्वाचा प्राध्यापक होता. पेत्रुस रामुस याची १५५१ मध्ये राजाने पॅरिसच्या राजकीय विद्यालयात नेमणूक केली. वाटणीत नेटका असलेला हा गृहस्थ म्हणाला की, मुद्दे शोधणे आणि मांडणे ही कामे तर्कशास्त्राची आहेत. वक्तृत्वाकडे शैली आणि उच्चार एवढेच राहावे. १५७२ मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या हत्याकांडात तो मारला गेला; त्याची वाटणी मात्र टिकली. विचार एका घरात आणि शब्द दुसऱ्या घरात, अशी ही फाळणी होती. वक्तृत्व म्हणजे नुसता शब्दांचा फुलोरा, हा समज तिने रूढ केला.

जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षणनियमावलीत भाषाशिक्षणाचा सर्वांत वरचा वर्ग 'वक्तृत्वा'चाच होता आणि फ्रान्सच्या शाळांत ते नाव दीर्घकाळ चालले. पण एकोणिसाव्या शतकात फोंतानियेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत येता येता मुख्य ऐवज उरला तो अलंकारांची सूक्ष्म यादी. मग गुस्ताव्ह लांसोनसारख्यांचा वाङ्मयेतिहास आला. कसे लिहावे यापेक्षा कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत लिहिले, हे जाणणे अधिक शास्त्रीय ठरले. १९०२ च्या सुधारणेत त्या वर्गाचे नावही पुसले गेले.

याच सुमारास जिनीव्हात फेर्दिनां द सोस्यूर हे संस्कृतचे प्राध्यापक शिकवीत होते. संस्कृतातील 'सत् षष्ठी'च्या प्रयोगावर लाइप्झिगमध्ये प्रबंध लिहिलेला हा विद्वान १८८१ ते १८९१ पॅरिसच्या 'एकोल प्रातिक' या संशोधनसंस्थेत अध्यापक होता. १९०७ ते १९११ या काळात त्यांनी सामान्य भाषाविज्ञानावर तीन व्याख्यानमाला दिल्या, पण ग्रंथ लिहिला नाही. १९१३ मध्ये ते वारले आणि १९१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून दोघा सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला. गंमत अशी की, त्या दोघांनी ही व्याख्याने स्वतः ऐकलेली नव्हती! समाजातील सर्व चिन्हांच्या जीवनाचा अभ्यास करणारे एक शास्त्र व्हावयास हवे आणि भाषाविज्ञान त्याचा एक भाग ठरेल, असे त्यात सुचविले होते. हीच चिन्हमीमांसा.

सूचना रुजली ती योगायोगाने त्याच एकोल प्रातिकमध्ये. रोलां बार्त यांची उमेदीची वर्षे क्षयरोगाने आरोग्यधामांत गेली होती. प्राध्यापकीला लागणारी प्रतिष्ठेची परीक्षा त्यांना देता आली नव्हती. सोर्बोनची दारे अशा माणसाला सहज उघडत नसत. १९६४ मध्ये त्यांनी शेवयांच्या एका जाहिरातीचे विवेचन केले. जाळीच्या पिशवीतून ओसंडणारे टोमॅटो, कांदे, मिरच्या, आणि हिरवा, पिवळा व तांबडा असे रंग. चित्र 'इटली' हा शब्द उच्चारत नाही, पण फ्रेंच माणसाला ते इटलीचा स्वाद सुचविते; इटालियन माणसाला कदाचित सुचविणार नाही. त्याच वर्षी त्यांनी प्राचीन वक्तृत्वविद्येवर अभ्यासवर्ग सुरू केला. जाहिरातीला वाचता येते ते याच जुन्या विद्येच्या डोळ्यांनी, हे त्यांनी ओळखले होते. सुचविलेल्या अर्थाचा हा विचार ऐकताना आपल्याकडील श्रोत्याला आनंदवर्धन आठवावा हे स्वाभाविक आहे. बार्त यांच्याच मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिणाऱ्या त्स्वेतान तोदोरोव्ह यांनाही तो पुढे, १९७८ च्या ग्रंथात, मम्मटासह आठवला.

प्रकारविचारालाही या मंडळींनी नवी धार लावली. तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत कथेचा प्रकार वाचकाच्या संभ्रमावर उभा केला: घडले ते निसर्गनियमात बसते की बसत नाही, हे ठरेनासे होते तोवरच तो प्रकार. हा पुन्हा ऐकणाऱ्याकडे पाहणारा विचार आहे. झेरार झेनेत यांनी तर १९७९ मध्ये दाखवून दिले की, महाकाव्य, भावकाव्य आणि नाट्य ही ॲरिस्टॉटलच्या नावावर खपणारी त्रयी त्याच्या ग्रंथात नाहीच; ती उत्तरकाळाने त्याच्या पदरी बांधली आहे.

१९७७ मध्ये बार्त साहित्यिक चिन्हमीमांसेच्या आसनावर बसले ते कोलेज द फ्रान्समध्ये, म्हणजे रामुसच्याच जुन्या विद्यालयात. तरीही परत आलेली विद्या ती जुनी विद्या नव्हे, असे मला वाटते. जुन्या वर्गातला विद्यार्थी बोलावयास शिके. नव्या वर्गातला दुसऱ्याचे बोलणे उलगडण्यास शिकतो. रामुसने तोडलेले पहिले अंग, मुद्दे शोधण्याचे, पॅरिसने फारसे जवळ केले नाही. ते आधीच ब्रुसेल्समध्ये परतले होते. कायदा व तत्त्वज्ञान शिकलेल्या शाइम पेरेलमन यांनी न्याय म्हणजे काय याचा शोध घेताना पाहिले की, मूल्यांचे निर्णय आकारिक तर्काने सिद्ध होत नाहीत. माणसे ते एकमेकांना पटवून देतात. ल्युसी ओल्ब्रेख्त्स-तितेका यांच्यासह त्यांनी १९५८ मध्ये युक्तिवादावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याला 'नवी वक्तृत्वविद्या' असे नाव दिले.