पप्पांचा काळा टेलिफोन



गेल्या हिवाळ्यात आमच्या हर्नडनच्या घरात खूप वर्षांनी खरी घंटा वाजली. मोबाइलचे गाणे नव्हे. धातूच्या वाटीवर हातोडी आपटून होणारी, शेजारपाजारच्यांनाही कळेल अशी ट्रिंग-ट्रिंग. आई नव्वदीची आहे. कोचावर डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "यांचा असेल, कुणीतरी घ्या ग."

पप्पांना जाऊन वीस वर्षे होऊन गेली. पण आईची चूक म्हणता येणार नाही. त्या घंटेला घरातल्या कुणीतरी धावायचे, हे तिच्या अंगवळणी पडलेले होते.

आज त्या काळ्या टेलिफोनची गोष्ट लिहिते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरची गोष्टही हीच असेल.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले, ओरिएंटल टेलिफोन कंपनीने केले. त्या वेळी नंबर फिरवायचा नसे. फोन उचलून ऑपरेटरला सांगायचे आणि तो जोडून देई. ऑपरेटरशिवाय फोन जोडण्याची युक्ती अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या माणसाची. हा कॅन्सस सिटीत प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करणारा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता, असे सांगतात. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. बोटाने फिरवायची चकती त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे काही वर्षांनी काढली. हिंदुस्थानात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना निघाला, आणि आपल्या घरांत आलेले ते जड काळे फोन बहुतेक तिथलेच.

आपले लोक नवगावच्या किनाऱ्यावरून, तेलाच्या घाण्यांवरून मुंबईला आले आणि लष्कर, रेल्वे, पोस्ट-तार अशा नोकऱ्यांत शिरले. बायका शिक्षिका झाल्या, माझ्यासारख्या नर्स झाल्या. तरी घरात फोन असणे ही चैन होती. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आमच्याकडे माझगावच्या चाळीत तो १९७४ मध्ये आला, तेव्हा मी शाळेत होते. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

फोन आमचा होता, पण आमच्या एकट्यांचा नव्हता. चाळीतल्या निम्म्या लोकांनी आमचा सहा आकडी नंबर आपल्या कार्डावर छापला होता, पुढे कंसात "पी.पी." ही दोन अक्षरे. म्हणजे शेजाऱ्यांकडचा फोन. घंटा वाजली की आम्हा भावंडांपैकी एकजण गॅलरीतून हाक मारी, "काकू, तुमचा फोन!" मुलगी पाहायला येणार, मलिद्याचा दिवस ठरला, मशिदीत कुणाचे लग्न आहे, कुणाचा इस्राएलला जायचा दिवस पक्का झाला, कोण रात्री गेले, सगळे आमच्या दाराशी आधी यायचे. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळायचे. घाई असेल तर अर्जंट, त्याहून घाई असेल तर लाइटनिंग. लखनौ-कानपूर थेट डायलिंग १९६० मध्येच सुरू झाले होते, पण आमच्यासारख्यांच्या घरी ते पोचायला फार काळ गेला. पुढे मी नर्सिंगचा डिप्लोमा केल्यावर रात्री-बेरात्री वॉर्डातून बोलावणे यायचे तेही याच फोनवर, आणि अख्खी चाळ जागी व्हायची. कुणी कधी तक्रार केली नाही.

खरे सांगायचे तर पप्पांचा तो फोन आज आमच्याकडे नाही. फोन खात्याच्या मालकीचा. बटणांचा आला तेव्हा जुना परत गेला. आता आहे तो त्याचा जुळा भाऊ. माझ्या धाकट्या भावाने चोरबाजारातून घेतला आणि कपड्यांच्या बॅगेत घालून इथे आणला. आई म्हणते, "हा आपलाच." आम्ही वाद घालत नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. आमच्या घरात माणसे पाच आणि फोन सात. पण आईला एकही नव्हता. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे, बोट थरथरते. काचेच्या फोनवर एक आकडा दाबायला गेली की दोन उमटतात. दिमोनाला तिची धाकटी बहीण असते. तिला फोन करणे आईने हळूहळू सोडून दिले, आणि मावशीचा समज झाला की ताई रागावली. दोघींनी दोन-अडीच महिने एकमेकींची वाट पाहिली. मी वॉर्डात पाहिले आहे, मुलांची नावे विसरलेली बाई समोर पोळपाट ठेवला तर पोळी लाटते. डोक्यातले जाते, हातातले उरते. म्हणून म्हटले, आईच्या हाताला ओळखीचे काहीतरी द्यावे.

डायलचे काम सोपे आहे. चकती फिरवून सोडली की परत जाताना ती तारेतला प्रवाह तोडते. एकला एकदा, पाचला पाचदा, शून्याला दहादा. सेकंदाला साधारण दहा वेळा. एक्स्चेंज ते झटके मोजते. १९४७ मध्ये अमेरिकेचे एरिया कोड ठरले तेव्हा हेच ध्यानात घेतले होते. न्यूयॉर्कला २१२ मिळाला, फक्त पाच झटके. आमच्या व्हर्जिनियाला ७०३, म्हणजे वीस! १९६३ मध्ये बटणांचे फोन आले, ते झटक्यांऐवजी सूर पाठवतात.

आता आमच्या घरी तांब्याची तार नाही, फोन इंटरनेटवरून येतो. गंमत पाहा, नव्वदच्या दशकात जगभरची डॉट कॉम नावे नोंदवणारी कंपनी याच हर्नडनमध्ये होती, आणि शेजारच्या ॲशबर्नला डेटा सेंटरांची रांगच आहे. अशा गावात आमचा फोन मुका. पहिली डबी आणली तिच्यावर घंटा वाजली, बोलणे ऐकू आले, पण नंबर फिरवला की काही नाही. तिला सूर कळत होते, झटके कळत नव्हते. दुसरी आणली ती "पल्स डायलिंग" असे लिहिलेले पाहून.

तरीही नंबर चुकत. चकतीचे जुने वंगण सुकून ती सावकाश फिरत होती. नातवाने झाकण उघडले, मी स्पिरिटच्या बोळ्याने वेग सांभाळणारा भाग पुसला आणि घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडला. आवाज खोल येत होता. बोलायच्या बाजूच्या डबीत कोळशाचे दाणे असतात, ते दडपले होते. छातीत कफ साठलेल्या रोग्याच्या पाठीवर थापटावे तसे हलकेच थापटले, मोकळे झाले. शेवटी डबीच्या सेटिंगमध्ये दोन आकड्यांमधला थांबण्याचा वेळ वाढवला, कारण आई सावकाश फिरवते. इस्राएलचा लांबलचक नंबर तिला झेपणार नाही, म्हणून नुसता २ फिरवला की मावशीकडे लागेल अशी सोय केली.

कुणी करणार असाल तर नर्स म्हणून दोन गोष्टी सांगते. जुन्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून वीज मिळे, घरचे दिवे गेले तरी तो चाले. ही डबी दिवे गेले की मरते, तेव्हा ती आणि इंटरनेटचे यंत्र दोन्ही बॅटरीच्या युपीएसवर ठेवा. आणि ९११ साठी फोन कंपनीकडे घरचा पत्ता बरोबर नोंदला आहे ना, ते पाहा. म्हातारे माणूस घरात एकटे असेल तर ही बाब आधी, हौस नंतर. या फोनला चांदणी आणि चौकटीची बटणे नाहीत, म्हणून "इंग्रजीसाठी एक दाबा" वाल्यांशी त्याचे जमत नाही. आईला त्याचे काही वाटत नाही.

पहिल्या शुक्रवारी सकाळी नऊला, म्हणजे तिकडे दुपारी चारला, आईने चष्मा न लावता भोके चाचपली आणि २ फिरवला. मावशीने उचलला. आई म्हणाली, "शब्बाथ शालोम. रागावलीस का ग?" तिकडून उत्तर आले, "मी? मला वाटले तूच रागावलीस!" मग दोघी पाऊण तास बोलल्या, त्यात अर्धा वेळ चाळीतल्या कुणाकुणाच्या फोनविषयी.

आता दर शुक्रवारी नऊला आम्ही ती खोली मोकळी ठेवतो.

तुमच्या घरी आईवडिलांची जुनी फोन-डायरी असेल तर टाकू नका. तिच्यातले नंबर आता कुठेच लागणार नाहीत. पण कोण कुठे राहत होते आणि कुणाकडचा पी.पी. कुणाला होता, हे तिच्याशिवाय दुसरीकडे लिहिलेले सापडायचे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एकेक नाव विचारा आणि मला कळवा.