दोन विमानांमधला वेळ कोणाचा? चुकलेल्या कनेक्शनचा इतिहास

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. नागपूरहून निघालेलं विमान मुंबईला उशिरा उतरलं आणि तेवढ्यात फ्रँकफर्टचं विमान निघून गेलं. आता नुकसान कोणाचं? प्रवाशाचं, पहिल्या कंपनीचं की दुसऱ्या? गेल्या शंभरेक वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं आहे. ते का बदललं हे समजलं, तर आपल्या हातातलं तिकीट आपल्याला नीट वाचता येईल.

सुरुवात करूया १९२९पासून. त्या वर्षी मार्चमध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. प्रवासी लंडनहून विमानाने बाझलला जायचा, तिथून रेल्वेने जिनोआला. मग समुद्रावर उतरणाऱ्या विमानातून भूमध्य समुद्र ओलांडायचा आणि इजिप्तमधून पुन्हा विमान पकडून कराचीला पोचायचा. सगळा प्रवास साधारण आठवडाभराचा. म्हणजे कनेक्शन ही आजची भानगड नाही. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. त्यांच्या विमानात प्रवासी नव्हता, टपालाच्या पिशव्या होत्या. इम्पीरियलच्या विमानाने कराचीपर्यंत आलेलं टपाल पुढे मुंबईला आणि मद्रासला न्यायचं, हेच त्या सेवेचं काम. टाटांच्या विमानसेवेचा पाया असा दुसऱ्याच्या विमानाशी जोडून घेण्यावरच घातला गेला.

आता कायद्याकडे येऊ. १२ ऑक्टोबर १९२९ला वॉर्सा इथे एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. त्या काळी विमानधंदा बाल्यावस्थेत होता. एका अपघातात कंपनी बुडेल अशी स्थिती. म्हणून करारात एक देवाणघेवाण झाली. प्रवाशाला कंपनीची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, पण भरपाईला कमाल मर्यादा. मृत्यू किंवा इजा झाली तर १,२५,००० फ्रँक, त्यापुढे नाही.

अपघाताच्या या कलमांची चर्चा बरीच होते. आपल्या विषयाची कलमं मात्र दुर्लक्षित राहतात. कलम १९ सांगतं की उशिरामुळे झालेल्या नुकसानीला वाहतूक करणारा जबाबदार. लगेच कलम २० सांगतं की नुकसान टाळण्यासाठी आवश्यक ते सगळे उपाय केले किंवा तसे उपाय करणं अशक्य होतं, हे कंपनीने सिद्ध केलं तर ती सुटते. आणि पहिल्याच कलमात एक महत्त्वाचं वाक्य आहे. एकामागोमाग अनेक कंपन्यांनी केलेली वाहतूक हा एकच अखंड प्रवास मानायचा, मग करार एक असो की अनेक. अट एवढीच, की दोन्ही पक्षांनी तो सुरुवातीपासून एकच प्रवास समजलेला असावा. नेमकी हीच अट आजच्या भांडणांचं मूळ आहे, ती लक्षात ठेवा. अशा प्रवासात उशीर झाला तर दावा कोणावर? कलम ३० म्हणतं, ज्या कंपनीच्या टप्प्यात उशीर झाला तिच्यावर. पहिल्या कंपनीने सगळ्या प्रवासाची जबाबदारी स्पष्टपणे घेतली असेल, तरच तिच्यावर.

हा करार भारतात १९३४च्या कायद्याने आला. १९७२मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १९९९मध्ये मॉन्ट्रियलला नवा करार झाला, त्यात भारत २००९मध्ये सामील झाला. उशिरासाठी आज त्यातली मर्यादा दर प्रवाशी ६,३०३ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही रक्कम आपोआप मिळत नाही हं! ती कमाल मर्यादा आहे. झालेला खर्च पुराव्यानिशी दाखवावा लागतो आणि दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो.

मधल्या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची काही दशकं, कनेक्शन चुकण्याचा त्रास प्रवाशाला तुलनेने कमी होता. याचं कारण कंपन्यांचा चांगुलपणा नव्हे. १९४५मध्ये हवानाला आयाटा ही कंपन्यांची संघटना नव्याने उभी राहिली. दर सगळ्यांनी मिळून ठरवलेले आणि कंपन्या एकमेकांची तिकिटं मान्य करायच्या. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत परदेशप्रवास केला, त्यांना ती लाल कार्बनची तिकिटाची पुस्तिका आठवत असेल. एका पुस्तिकेत चार कंपन्यांची कुपनं. एक विमान हुकलं तर काउंटरवरचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवून देई, कारण पैशांचा हिशेब कंपन्या आपसांत करत. तिकीट महाग होतं, पण त्या महागाईत हा विमाही धरलेला होता.

ही व्यवस्था मोडली अमेरिकेत. १९७८च्या कायद्याने तिथे दर आणि मार्ग खुले झाले. तिकिटं स्वस्त झाली. कंपन्यांनी एक मोठा विमानतळ मध्यभागी धरून सगळी विमानं तिथे आणायची आणि तिथून सोडायची, अशी रचना केली. एसटीच्या मोठ्या स्थानकासारखीच कल्पना. त्यामुळे थेट जाणाऱ्यांपेक्षा मध्ये विमान बदलणाऱ्यांची गर्दी वाढली.

त्याच्या थोडं आधी एक गाजलेला खटला झाला. ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर एप्रिल १९७२मध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघाले होते. जागा पक्की होती, पण ॲलेगेनी एअरलाइन्सने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली होती. त्यांना विमानात घेतलं नाही. फिलाडेल्फियाला जाऊन दुसरं विमान पकडा, असं सुचवलं गेलं. तिथे विमान बदलायला वेळ इतका कमी होता की नेडर यांनी नकार दिला. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकारी नियामक आहे म्हणून न्यायालयाचा दरवाजा बंद होत नाही. त्यानंतर, विमान भरलं तर आधी स्वखुशीने उतरणारे प्रवासी शोधायचे, हा नियम आला.

युरोप त्याच्या पुढे गेला. तिथला २००४चा नियम क्रमांक २६१ फेब्रुवारी २००५पासून लागू झाला. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. इथे नुकसान सिद्ध करायची गरज नाही. पण कनेक्शनचं काय? २०१३मध्ये युरोपीय न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला. एक प्रवासी बाई ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पावलोमार्गे पॅराग्वेच्या असुन्सिओनला निघाल्या होत्या. ब्रेमेनचं विमान अडीच तासांच्या आसपास उशिरा निघालं. पुढची साखळी तुटली आणि त्या अकरा तास उशिरा पोचल्या. न्यायालय म्हणालं, उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामावर. मंडळी, आमच्या मते कनेक्शनच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण. दोन विमानांमधला वेळ प्रथमच स्पष्टपणे कंपनीच्या खात्यावर गेला. आपल्यालाही हा नियम उपयोगी आहे. युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या प्रवासाला तो लागतो, आणि भारतातून युरोपला युरोपीय कंपनीने गेलात तरीही.

आणि आपल्याकडे? डीजीसीएचे नियम ऑगस्ट २०१०पासून लागू आहेत. उशिरात खाणंपिणं, ठरावीक मर्यादेपलीकडे पर्यायी विमान किंवा परतावा. विमान रद्द झाल्यावर ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई, आणि त्यात ‘एकाच तिकीट क्रमांकावरचं’ पुढचं विमान चुकलेल्यांचाही उल्लेख. न्यायालयांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. डिसेंबर २००७मध्ये धुक्यामुळे दिल्लीत विमानातच तासन्‌तास अडकलेल्या प्रवाशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ला सांगितलं, की धुक्याची जबाबदारी कंपनीवर नाही, पण स्वस्त सेवा आहे म्हणून किमान सोयी टाळता येणार नाहीत. २०२०मध्ये कोलकात्यातल्या एका प्रकरणात बोर्डिंग पास हातात असूनही गेटवर वेळेत न पोचलेल्या कुटुंबाविरुद्ध निकाल गेला. २०२१मध्ये मात्र अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोचल्याने श्रीनगरचं विमान चुकलेल्या प्रवाशाला रेल्वेने भरपाई द्यावी, हे न्यायालयाने कायम केलं. कारण रेल्वेला उशिराचं समाधानकारक कारण देता आलं नाही.

आता आजचा धोका. स्वस्त तिकिटांच्या जमान्यात आपण दोन वेगळी तिकिटं काढतो. नागपूर-मुंबई एका कंपनीचं, मुंबई-फ्रँकफर्ट दुसऱ्या. चार-पाच हजार वाचतात. पण १९२९ची ती अट आठवा, ‘दोन्ही पक्षांनी एकच प्रवास समजलेला.’ पहिल्या कंपनीला तुमच्या फ्रँकफर्टची कल्पनाच नसेल, तर ती म्हणणार, आमचा प्रवास मुंबईला संपला. दुसरी म्हणणार, प्रवासी आलाच नाही. तिकीट एकच असतं तर नागपूर-मुंबई हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचा भाग ठरला असता आणि मॉन्ट्रियलचं संरक्षण मिळालं असतं. शिवाय वेगळ्या तिकिटात सामान स्वतः उचलून पुन्हा द्यायचं. मुंबईत तर कधी सांताक्रूझच्या टर्मिनलहून सहारच्या टर्मिनलला रस्त्याने जायचं. परदेशात असा बदल असेल तर त्या देशात शिरण्याचा व्हिसा लागू शकतो.

म्हणजे बघा, आयाटाच्या काळात महाग तिकिटात दडलेला विमा आज आपण चार-पाच हजारांत कंपनीला परत विकतो, आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं. मुलगा पहिल्यांदा शिकायला निघालाय, विद्यापीठात हजर व्हायची तारीख उद्याची आहे, अशा वेळी हा सौदा महागात पडतो. तिथे तिकीट एकच घ्यावं. वेगळंच घ्यायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ, शक्यतो एक रात्र ठेवावी. उशीर झालाच तर कारण लेखी मागावं, बोर्डिंग पास आणि पावत्या जपाव्यात. आपल्याकडे ग्राहक पंचायतीची मोठी परंपरा आहे, आणि २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. नागपूरकराला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.