एका दिव्याची गरिबी: कुटीर ज्योती ते 30 युनिट

धागा. वीजबिलातील सवलत हा विषय इतिहासाचा वाटत नाही, पण तो आहे. गरिबाच्या घरात किती उजेड पुरेसा मानायचा, हे ठरवणाऱ्या एका आकड्याची ही कथा आहे. ती यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीपासून सुरू करू.

अरुणावतीच्या काठी वसलेले, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव. नागपूर-तुळजापूर महामार्ग येथूनच जातो. भोवती कापसाची कोरडवाहू शेती, बंजारा तांडे, आदिवासी वस्त्या. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणीच्या कोळसा खाणी आहेत, आणि त्यापलीकडे चंद्रपूरचे 2,920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र. कोळसा विदर्भाचा, धूरही विदर्भाचा. मग विदर्भातील झोपडीच्या वाट्याला किती वीज यावी, असे शासनाला वाटत होते?

प्रश्न तसा जुना आहे. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विद्युतशक्तीच्या धोरणसमितीचे अध्यक्षही होते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न दारिद्र्यनिर्मूलनाशी जोडला. वीज मुबलक हवी आणि शक्य तितकी स्वस्तही हवी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1948 चा वीजपुरवठा कायदा आला, राज्योराज्यी मंडळे उभी राहिली आणि 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले.

मात्र मंडळांच्या काळात मोजमाप होत असे ते गावांचे, घरांचे नव्हे. 1997 पर्यंतची व्याख्या पाहा: गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव ‘विद्युतीकृत’. शिवारात एक पंप चालला की कागदावर गाव उजळले! तांडा मूळ गावापासून दूर असला, तर त्याचा अंधार कोणत्याही तक्त्यात उमटत नसे. 2004 मध्ये व्याख्या पुन्हा बदलली, तेव्हा कुठे किमान 10 टक्के घरांत वीज असण्याची अट आली.

घराकडे थेट पाहणारी पहिली मोठी केंद्रीय योजना म्हणजे 1988-89 ची ‘कुटीर ज्योती’. दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण कुटुंबांना, विशेषतः दलित व आदिवासी घरांना, एका बिंदूची जोडणी. एक बिंदू म्हणजे एक दिवा. जोडणीचा आरंभीचा खर्च अनुदानातून भागवला जाई. नाव काव्यमय होते, कल्पना अगदी नेमकी: गरिबाला वीज हवी ती रात्री उजेडासाठी, बाकी कशासाठी नाही. ही कल्पना लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गणिते तिच्यावरच उभी राहिली.

2003 च्या विद्युत कायद्यानंतर मंडळ विभागले गेले आणि जून 2005 मध्ये महावितरण आली. त्याच वर्षी राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू झाली, तिच्यातून दारिद्र्यरेषेखालील घरांना मोफत जोडणी मिळू लागली. जोडणी एकदाच द्यायची असते, बिल मात्र दरमहा येते. त्यावर 6 जानेवारी 2006 च्या राष्ट्रीय दरधोरणाने मार्ग सुचवला: महिन्याला साधारण 30 युनिटांच्या आत वापर असलेल्या गरीब ग्राहकाचा दर सरासरी पुरवठाखर्चाच्या निम्म्यापर्यंत खाली ठेवता येईल.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने या वर्गाला नाव दिले ‘दारिद्र्यरेषेखालील’, पण पिवळी शिधापत्रिका मागितली नाही. कसोटी दोन गोष्टींची: मंजूर भार 0.1 किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर 360 युनिटांच्या आत. गरीब कोण, हे तलाठ्याऐवजी मीटर ठरवू लागला. एका अर्थी हे न्याय्यच होते. दाखल्यासाठी खेटे नाहीत, यादीतून नाव गळण्याचे भय नाही.

पण 0.1 किलोवॅट म्हणजे 100 वॅट. त्या काळचा साधा पिवळा बल्ब 60 वॅटचा, छताचा पंखा सुमारे 75 वॅटचा. बेरीज 135. म्हणजे दिवा आणि पंखा दोन्ही असलेले घर काटेकोर हिशेबाने त्या भारात बसतच नव्हते. कुटीर ज्योतीचा तो एकच बिंदू 18 वर्षांनीही नियमात टिकून होता. मे महिन्यात जेथे पारा 44-45 अंशांवर जातो, तेथे पंख्याला चैन समजणे हा मुंबईत बसून काढलेला हिशेब होता, असे मला वाटते.

पुढे भाराची मर्यादा 0.25 किलोवॅट झाली, 360 युनिटे मात्र तशीच राहिली. दोन बल्ब रोज पाच तास लागले तर वर्षाला 219 युनिटे. उन्हाळ्याचे 90 दिवस पंखा अहोरात्र फिरला तर आणखी 162. एकूण 381, मर्यादा ओलांडली. आणि ओलांडणे साधे नव्हते. वर्षअखेरच्या फेरतपासणीत एकदा घर सर्वसाधारण घरगुती वर्गात गेले, की ते पुन्हा सवलतीच्या वर्गात येऊ शकत नाही, असे आयोगाच्या आदेशांत स्पष्ट लिहिलेले असे. एक कडक उन्हाळा, आणि सवलत कायमची गेली. पुढचे वर्ष सबंध अंधारात काढले तरीही.

या कोंडीतून थोडी वाट काढली ती दिव्याने. जानेवारी 2015 पासून ‘उजाला’ योजनेत एलईडी बल्ब स्वस्तात मिळू लागले. 60 वॅटच्या जागी 9 वॅट आले, दोन दिव्यांचे वर्षाचे 219 युनिट 33 वर उतरले. पंख्याला जागा झाली. कूलर मात्र अजूनही बाहेरच.

येथे शेतीपंपाशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. 2004 च्या निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीपंपांना मोफत वीज दिली, ती पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली. 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज मिळाली, पाच वर्षांसाठी. त्याचा भार शासनाच्या तिजोरीवर आहे आणि 2003 च्या कायद्याचे कलम 65 ही रक्कम आगाऊ भरायला सांगते. 30 युनिटांच्या घराची सवलत प्रामुख्याने दुसऱ्या वाटेने येते: इतर ग्राहक जास्त दर देतात आणि त्यातून तूट भरते. पंप मतदारसंघ घडवतो. एका दिव्याच्या घराला संघटना नसते, आणि बहुधा विहीरही नसते.

2025 मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ नावाची छतावरील सौरयोजना आणली. एक किलोवॅटच्या सुमारे 50,000 रुपयांच्या संचासाठी केंद्राचे 30,000, राज्याचे 17,500 आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचे स्वतःचे 2,500. पट्ट्या बसवायला छत मजबूत हवे. तांड्यावरच्या पुष्कळ घरांवर अजून टिनपत्रे आहेत.