फिरऔनच्या छतावरचे आभाळ

फिरऔन म्हटले की हजरत मूसा (अ.स.) यांना छळणारा, स्वतःला खुदा म्हणवणारा बादशाह डोळ्यांसमोर येतो. ते खरेच आहे. पण मिस्र, म्हणजे आजचा इजिप्त, केवळ फिरऔनचा नव्हता. नाईलकाठी नांगर धरणारा शेतकरी आणि रात्र जागून तारे मोजणारा पुजारीही तिथे होता. त्यांनी आभाळ कसे पाहिले, हे तिथल्या कबरींच्या छतांवर आजही दिसते.

सक्कारा येथे उनास राजाचा पिरॅमिड आहे, इ.स.पू. २३५०च्या सुमाराचा. दफनाच्या खोलीचे छत ताऱ्यांनी भरलेले आहे आणि भिंतींवर मंत्र कोरलेले आहेत. उत्तरेचे जे तारे कधी मावळत नाहीत, त्यांना मिस्री लोक अविनाशी मानत. मृत राजा त्यांच्यात जाऊन मिसळतो, असे हे मंत्र सांगतात.

आभाळ म्हणजे त्यांच्या लेखी नूत नावाची देवी. हातपाय टेकून ती धरतीवर कमानीसारखी वाकलेली असते. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या शरीरातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. रामसेस सहावा (इ.स.पू. १२वे शतक) याच्या कबरीच्या छतावर ही नूत दोनदा रंगवलेली आहे, पाठीला पाठ लावून. एक दिवसाची, दुसरी रात्रीची.

ही नुसती कल्पना नव्हती, तिच्यामागे हिशेबही होता. पुजाऱ्यांनी ३६ तारे आणि तारकासमूह निवडले होते. दर १० दिवसांनी त्यांतला एक नवा पहाटे पूर्वेला दिसू लागे. त्यांचे झाले ३६० दिवस, वर ५ दिवस धरले की वर्ष पुरे. याच ताऱ्यांवरून रात्रीचे १२ भाग पडले. दिवसाचेही १२ धरले गेले आणि २४ तासांची रीत तिथून पुढे आली.

सर्वांत मानाचा तारा सोपदेत. अरबीत तो शिअरा, मराठीत व्याध. सुमारे ७० दिवस तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा होई. मग एका पहाटे परत दिसे आणि त्याच सुमारास नाईलला पूर येऊन शेतांत गाळ पसरे. मयताचे शरीर दफनासाठी तयार करायलाही ७० दिवसच लागत. तारा परततो तसा माणूसही परतेल, हा त्यातला दिलासा होता.

हा दिलासा आधी राजाचा होता. इ.स.पू. २१००च्या आसपास मात्र अस्यूत येथील अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांच्या झाकणांवर, आतल्या बाजूने, ताऱ्यांचे तक्ते रंगवले जाऊ लागले. आभाळ महालातून खाली उतरले. तरी ज्याच्या शेतासाठी शिअराची वाट पाहिली जाई, त्या गरिबाला वाळूतला खड्डाच मिळाला.

सूरह अन-नज्ममध्ये शिअराचे नाव येते. त्या ताऱ्याचाही रब अल्लाहच आहे, ही आठवण तिथे दिली आहे. तेव्हा तारा पूजेचा नाही आणि तो कुणा बादशाहाच्या मालकीचाही नाही. पण तो निरखणाऱ्यांची मेहनत वाया गेली नाही. फातिमी काळात काहिरा येथे इब्न यूनुस (निधन इ.स. १००९) यांनी त्याच आभाळाखाली ग्रहताऱ्यांची कोष्टके तयार केली.

शाळेत तास संपल्याची घंटा होते, तेव्हा मला फिरऔन आठवत नाही. अंधारात जागणारे ते बिननावाचे पुजारी आठवतात. मुलांना मिस्र शिकवताना त्यांची ओळख करून द्यायला हवी.